कासवाचं भाषांतर

आमच्या घरात मला ‘पंच’ म्हणायचे. वडील कौतुकाने म्हणायचे आणि शेवटपर्यंत कौतुकानेच म्हणत राहिले. बहीण चिडवायला म्हणायची. एका रविवारनंतर तिने तो शब्द सोडला, तो आजतागायत मी तिच्या तोंडून ऐकलेला नाही. त्या रविवारबद्दल सांगायचं तर आधी कम्प्युटरवरच्या भांडणांबद्दल सांगायला हवं, आणि ती भांडणं नुसती आठवली तरी अजून माझे कान तापतात.

ती राज्य फुटायची वर्षं होती. फुटणार फुटणार म्हणून गाजत होतं ती, मग फुटलं ते, आणि फुटल्यावर कोण इकडे राहणार नि कोण तिकडे जाणार याचा घोळ चालला ती, अशी सगळी मिळून. आज बंद, उद्या मोर्चा, परवा लाइट नाही. मी एका खासगी कंपनीत कम्प्युटरची देखभाल बघायचो. तिथे डबे खायची दोन टेबलं झाली होती. एकावर तेलंगणावाले, दुसऱ्यावर आंध्रवाले. पूर्वी एकाच टेबलावरून सगळ्यांची लोणची फिरायची. मला मात्र दोन्हीकडे बोलावणं असायचं. “तुम लोगां को क्या फरक पडता, मरहट्टे लोगां. तुम पंच बनो,” असं दोन्हीकडचे म्हणायचे आणि मी बनायचो.

आमचं घराणं मूळचं नांदेडकडचं, शेतकऱ्याचं. आजोबांच्या वेळी ते गाव आणि हे शहर एकाच राज्यात होतं. मग राज्यांची पहिली वाटणी झाली, गाव महाराष्ट्रात गेलं, आणि नोकरीमुळे आम्ही चिक्कडपल्लीतच राहिलो. जे काही जायचं ते तेव्हाच गेलं, आता या दुसऱ्या वाटणीत आपलं काय जाणार, असा माझा समज होता. खरं सांगायचं तर मला मजाच वाटायची. दोघं भांडतात आणि तिसऱ्याला खुर्ची मिळते, याची चटक फार वाईट.

साइट मी त्याच्या आधी सुरू केली होती. कुठला कम्प्युटर घ्यावा, कुठला घेऊ नये, याची माहिती देणारी. पहिले सदस्य आमच्या मराठी मंडळातलीच पोरं, मग त्यांचे मित्र, मग मित्रांचे मित्र. लिहायचं इंग्रजीत, नाहीतर इंग्रजी अक्षरांतल्या हिंदीत, कारण मंडळातल्या पोरांनासुद्धा मराठी वाचायचं म्हटलं की घाम फुटायचा. मी मनापासून माहिती लिहायचो, आणि तिथे काळं कुत्रं फिरकायचं नाही.

तेव्हा मला मंडळातला वादविवाद आठवला. दरवर्षी गणपतीत तो व्हायचा आणि वडील त्यात वेळ सांभाळायचे. टेबलावर पितळेची घंटी घेऊन बसायचे, कितीही मोठा माणूस बोलत असो, वेळ झाली की वाजवायचेच. त्यांचा एक नियम होता. वाद संपला की दोन्ही बाजूंच्या वक्त्यांनी कोपऱ्यावरच्या इराण्याकडे जायचं आणि ‘वन बाय टू’ घ्यायचा. म्हणजे एकच चहा मागवून दोन कपांत अर्धा अर्धा करायचा. ओतायचा हरलेल्याने, आणि पहिला कप द्यायचा जिंकलेल्याला. हा चहा झाल्याशिवाय निकाल जाहीर झाला असं वडील धरायचेच नाहीत. लहानपणी मला तो सगळा प्रकार कंटाळवाणा वाटायचा.

मी त्यांच्याकडून घंटी घेतली, दोन बाजू घेतल्या, निकाल घेतला. चहा सोडून दिला. इंटरनेटवर चहा कसा पाजणार?

दर शनिवारी सकाळी मी एक सामना जाहीर करायचो. या कंपनीचा प्रोसेसर की त्या कंपनीचा. विकतची ऑपरेटिंग सिस्टीम की फुकटची. लॅपटॉप की घरी जोडून घेतलेला कम्प्युटर. एका बाजूला एक गडी, दुसऱ्या बाजूला दुसरा, आणि रविवारी संध्याकाळी पंचांचा निकाल, लाल अक्षरांत. बघता बघता शनिवारी साइट उघडायला वेळ लागू लागला, इतकी गर्दी. लोकांना वाटायचं, माझं काम निकाल देण्याचं. माझं खरं काम गडी निवडण्याचं होतं. कोणाला जास्त कळतं, हे मी बघतच नव्हतो. कोण कशाने पेटतो, ते बघायचो. वाद घालताना माणसं स्वतःबद्दल थोडं थोडं सांडत जातात. कोणाला त्याच्या कॉलेजचं लागतं, कोणाला त्याच्या इंग्रजीचं, कोणाला घरच्या परिस्थितीचं. ते सांडलेलं मी वेचून ठेवायचो. आणि सामना थंड पडतोय असं दिसलं की एकाला खासगीत कळवायचो, ‘तो तुझ्याबद्दल काय म्हणाला, वाचलंस का?’ याला मराठीत काड्या लावणं म्हणतात. मी त्याला संयोजन म्हणायचो.

साइटवर नियम एकच होता: राज्याचं नाव काढायचं नाही. या नियमाचा मला कोण अभिमान! ऑफिसं फुटली, मित्र फुटले, माझ्याकडे मात्र सगळे एका छपराखाली कम्प्युटरबद्दल बोलतायत, असं मी जो भेटेल त्याला सांगायचो. पण नियमाने आग विझत नाही, ती दुसऱ्या खोलीत जाते. हळूहळू असं झालं की एका कंपनीच्या, लाल पट्टीच्या प्रोसेसरवाले बहुतेक एकीकडचे आणि दुसऱ्या कंपनीच्या, निळ्या पट्टीचे बहुतेक दुसरीकडचे. प्रोसेसर किती तापतो यावर कोणी दोन-दोन पानं शिव्या लिहीत नाही. ते लिहीत होते. कशावर लिहितायत ते सगळ्यांना कळत होतं, आणि सगळ्यांत आधी मला. मी घंटी वाजवली नाही.

त्या गर्दीत एक जण होता, त्याने स्वतःच नाव घेतलं होतं कासव. तो जुन्या, जोडून घेतलेल्या कम्प्युटरच्या आणि फुकटच्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या बाजूने लिहायचा. माझा कम्प्युटर सावकाश चालतो, म्हणायचा, पण लाइट गेल्यावर युपीएसवर तुमच्यापेक्षा जास्त वेळ टिकतो. मला दिवसभर सरकारी पत्रं टाइप करायची असतात, त्याला विमानाचं इंजिन कशाला? समोरच्याने काहीही म्हणू दे, याचं उत्तर सुरू व्हायचं ते ‘तुमचा मुद्दा बरोबर आहे, पण’ असं. लोकांना हा माणूस सहन व्हायचा नाही. मलाही नाही. जो चिडत नाही त्याचा सामना कसा रंगवायचा? मी त्याला दर आठवड्याला जास्त जास्त तिखट गड्यासमोर उभा करत गेलो. तो मार खायचा आणि शांतपणे मुद्दे मांडायचा.

बहिणीला मात्र तो आवडायचा. ती दिलसुखनगरला एका कोचिंग सेंटरमध्ये गणित शिकवायची. बंद असला की वर्ग नसायचे, मग ती माझ्या मागे उभी राहून भांडणं वाचायची. कम्प्युटरमधलं तिला फार कळायचं नाही. “हा कासव बरा लिहितो रे,” एकदा म्हणाली, “पायऱ्या न गाळता गणित सोडवल्यासारखा.”

कासव मराठी आहे हे मला त्याच्याच लिहिण्यातून कळलं होतं. सरकारी खात्यात आहे, ऑफिसची वाटणी होणार आहे, घरचे मूळचे मराठवाड्यातले, एवढं त्याने बोलता बोलता सांडलं होतं. ते मी त्याच्या पुढच्या गड्याला सहज कळवलं. सहज म्हणजे किती सहज, ते ज्याचं त्याने समजून घ्यावं. त्या शनिवारी दुपारी त्या गड्याने लिहिलं: ‘ज्याला ना हे राज्य ना ते राज्य, त्याने मत कशाला द्यावं? ज्यांना घर आहे त्यांचं भांडण चाललंय. तू आपलं भंगार उचल आणि ज्या गावाने तुला हाकललं तिथे परत जा.’

लोक तुटून पडले. हसण्याच्या खुणांची रांग लागली. मी ती ओळ उचलली, साइटच्या पहिल्या पानावर सगळ्यांत वर डकवली आणि खाली लाल अक्षरांत पंचांचा शेरा लिहिला: ‘शाबास! या आठवड्यातला सर्वात भारी डाव.’

बहिणीने ते वाचलं. “दादा, हे काढ.”

“कामून? गंमत आहे. पब्लिकला आवडलीय.”

“हे कम्प्युटरबद्दल नाही.”

“त्याला उत्तर देता येतं की. त्याचं तोंड कोणी धरलंय?”

“तुला कोणी असं म्हणालं तर? तुझं कोणतं राज्य आहे?”

“मला कोण म्हणणार,” मी म्हणालो, “मी पंच आहे.”

कासवाने उत्तर दिलं नाही. त्या दिवसापासून त्याने लिहिणंच बंद केलं. मी लाल अक्षरांत समोरच्याला विजयी जाहीर केलं. डकवलेली ओळ तशीच राहिली, कारण नवीन लोक ती वाचायलाच यायचे.

आता बहिणीच्या लग्नाचं सांगतो. तिने तिशी ओलांडली होती. उंच, सावळी आणि तोंडावर बोलणारी, त्यामुळे काही स्थळांनी तिला नाही म्हटलं आणि उरलेल्यांना तिने. एक बऱ्यापैकी जमत आलेलं माझ्यामुळे मोडलं होतं. तो मुलगा पोहे खाता खाता त्याच्या नव्या मोबाइलची स्तुती करू लागला आणि मला राहवलं नाही. आईने आतून खुणा केल्या, खोकून पाहिलं, मी त्याचा मोबाइल कसा टाकाऊ आहे हे पटवूनच थांबलो. ती माणसं गेली ती गेलीच.

त्या वर्षी मंडळाच्या गणपतीत प्रोजेक्टर बंद पडला. लोक ओरडायला लागले, एका म्हाताऱ्या काकांनी तर व्यवस्था बघणाऱ्याचं मूळ-कूळ काढलं. तो माणूस खाली वाकून वायर जोडत होता. जोडून झाल्यावर उठला आणि काकांना म्हणाला, “तुमचं बरोबर आहे काका, उशीर झाला खरा.” एवढंच. मी तिथे नव्हतो, बहीण होती. घरी आल्यावर तिने पाटावर बसता बसता आईला सांगितलं, “असा कोणी असेल तर बघा.” आयुष्यात पहिल्यांदा तिने स्वतःहून असं म्हटलं होतं. मंडळातल्या एका काकूंनी त्याचीच चौकशी केली. मुलगा अविवाहित, सरकारी नोकर, घरी फक्त आई. रविवारी यायचं ठरलं.

आदल्या दिवशी बहीण माझ्याजवळ आली. ती कधी काही मागत नाही. “दादा, मला हे व्हायला पाहिजे,” ती म्हणाली. “उद्या तू तोंड आवर. कम्प्युटर, मोबाइल, काही बोलू नको.” मी कानाला हात लावले. मराठी, सरकारी खात्यातला, असा शांत, एवढं ऐकल्यावर तरी मला सुचायला हवं होतं. नाही सुचलं. पंचाला गडी माहीत असतात, माणसं कुठे माहीत असतात?

ते मायलेक रिक्षाने आले. मुलगा बारीक, चष्मा, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. त्याची आई बोलकी होती, आल्या आल्या आमच्या आईशी नांदेडकडच्या गावांची नावं काढत बसली, आणि दोघींचं दूरचं नातंही निघालं. पोहे झाले, उस्मानिया बिस्किटं झाली. वडिलांनी विचारलं, “तुमच्या खात्याचं काय ठरलं मग? इकडेच राहणार ना?”

“अजून कळालं नाही काका,” तो म्हणाला. “कपाटांवर चिठ्ठ्या लावल्यात, कुठलं इकडचं, कुठलं तिकडचं. आमच्यावर अजून लावल्या नाहीत.”

वडील मोठ्याने हसले. मुलगा त्यांना आवडला होता. मलाही आवडला होता. मी हूं की चूं केलं नव्हतं, आणि दाराआडून बहिणीने माझ्याकडे एकदा पाहिलं तेव्हा तिचा चेहरा खुलला होता.

आणि वडिलांना माझं कौतुक सुचलं. मुलीकडची बाजूही काही कमी नाही हे दाखवायला नको का? “आमचे चिरंजीवही कम्प्युटरवर वादविवाद घेतात बरं का,” ते म्हणाले. “पंच आहेत. हजारो माणसं यांचा निकाल मानतात.”

मुलाच्या आईचे डोळे चमकले. “अगं बाई! आमचा बी तेच करायचा की. रोज बसायचा. कासव का काय नाव घेतलंय म्हणायचा. आता कामून कोण जाणे सोडून दिलंय. तेच का रे ते?”

चहाचा ट्रे घेऊन बहीण तेवढ्यात बाहेर आली होती, ती जागच्या जागी थांबली. कपांचा किणकिण आवाज मला अजून ऐकू येतो.

“म्हणजे तुम्ही दोघं आधीपासून ओळखता!” वडील म्हणाले. त्यांना आभाळ ठेंगणं झालं. ते उठले आणि कम्प्युटरवरचं भरतकामाचं कापड काढायला लागले. मी म्हणालो, “बाबा, राहू द्या, लाइट जाईल.” ते म्हणाले, “गेली तर युपीएस आहे की.” त्या महिन्यात रोज दुपारी लाइट जायची. त्या दुपारी गेली नाही.

साइट कम्प्युटर लावला की आपोआप उघडायची, तशी मीच सोय केली होती. ती ओळ सगळ्यांत वर. तिच्याखाली माझी लाल अक्षरं.

त्याने वाचलं. मग वळून माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता. असता तर मला बरं झालं असतं, रागाचं काय करायचं ते मला येतं. ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं त्याने पाहिलं आणि चष्मा पुसला.

त्याच्या आईला आणि आमच्या आईला इंग्रजी येत नव्हतं, बाबांना छापील इंग्रजी यायचं पण पडद्यावरचं बारीक दिसायचं नाही. “तुझं नाव कुठंय, दाखव की,” त्याची आई म्हणाली. “एवढी माणसं काय लिहायलेत तुला? वाचून दाखव.”

“राहू दे आई.”

“वाच की. मला कधी सांगतच नाहीस.”

वडिलांनी त्याला खुर्ची ओढून दिली. तो बसला. मी त्याच्या डाव्या बाजूला उभा, बहीण ट्रे घेऊन मागे. पडद्यावरचं आम्हा तिघांना वाचता येत होतं. आईवडिलांना आणि त्याच्या आईला नाही.

सगळ्यांत वरची ओळ सोडून त्याने खालून सुरुवात केली. पहिलं वाक्य होतं, हा कासव आणि त्याचं यंत्र दोन्ही भंगारवाल्याला द्या, तोही पैसे मागेल. तो म्हणाला, “हे म्हणतात, मशीन जुनं झालंय, आता नवीन घ्यायला पाहिजे.”

“खरंच आहे,” त्याची आई म्हणाली. “मी बी तेच म्हणते.”

दुसरं होतं, अक्कल उसनी आणतोस की तीही फुकटची वापरतोस? तो म्हणाला, “हे विचारतात, ही सगळी माहिती कुठून मिळवली.”

वडिलांनी मान डोलावली. मग त्याच्या आईने बोट दाखवलं, “आणि हे सगळ्यात वरचं, चौकटीतलं?”

मी त्याच्याकडे बघत होतो, बघवत नव्हतं तरी. तो म्हणाला, “हे विचारतात, तुमचं मूळ गाव कोणतं.”

“अगं बाई, किती चौकशी! मग सांगितलंस की नाही? नांदेडकडचे म्हणून?”

“सांगितलं.”

“बघा,” वडील आईला म्हणाले, “कोण कुठली माणसं, पण आपुलकीने विचारतात. आणि बाहेर नुसत्या मारामाऱ्या चालल्यात.”

“खाली लाल काय आहे?” त्याची आई म्हणाली.

“ते पंचांनी लिहिलंय.” आता त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, पडद्याकडेच बघत होता. “पंच म्हणतात, आता पुरे. कोणाला लागेल असं बोलू नका.”

वडिलांचा हात माझ्या खांद्यावर पडला. “पंचाने हेच करायचं असतं,” ते सगळ्यांना म्हणाले. “वेळेवर घंटी.” खांद्यावरचा तो हात इतका जड लागत होता की मी खाली बसलो. धरणीने पोटात घ्यावं म्हणतात, ते उगीच म्हणत नाहीत. लोकांसमोर माझी अब्रू निघाली असती तर मी भांडलो असतो. त्याने ती झाकली, आणि माझ्या वाटणीचं वाक्य, जे मी लिहायला हवं होतं, तेही मला फुकट देऊन टाकलं.

वडिलांना त्यांचा नियम आठवला नसता तरच नवल. “चला, वाद घालणाऱ्यांनी वन बाय टू!” त्यांनी बहिणीच्या ट्रेमधला एक कप उचलून त्याच्या हातात दिला. त्याने रिकाम्या कपात अर्धा चहा ओतला आणि पहिला कप माझ्यासमोर धरला. मी तो घेतला. ओतायचं हरलेल्याने असतं हे त्याला माहीत होतं का, मला ठाऊक नाही. मंडळातला होता, माहीत असणार.

मग रिवाजाप्रमाणे मुलामुलीला गॅलरीत बोलायला पाठवलं. काय बोलणं झालं ते बहिणीने मला त्या संध्याकाळी सांगितलं, माझ्याकडे न बघता. ती त्याला म्हणाली, मी सगळं वाचलं. तो म्हणाला, हो, ट्रे हलत होता. ती म्हणाली, दादाच्या वतीने मी माफी मागते. तो म्हणाला, तुम्ही कशाला, तुम्ही थोडंच लिहिलं. मग त्याने विचारलं, तुम्ही कितवीचं गणित शिकवता. आणि दोघं बराच वेळ गणितावर बोलले. “मला आवडला,” ती म्हणाली. “आधीपासून दोन्हीकडून तोच आवडत होता, आणि मला माहीत नव्हतं.”

मी ती ओळ त्याच संध्याकाळी काढली. काढून काय उपयोग, ज्याने त्याने ती उचलून दुसरीकडे लावली होती. पुढे साइटही बंद केली. सदस्यांनी कारण विचारलं, तेव्हा मी वेळ मिळत नाही असं लिहिलं. कासवाला लिहावं असं रोज वाटायचं. चार ओळी लिहायचो आणि पाचवीत माझी बाजू मांडायला लागायचो. मग खोडायचो.

त्या आठवड्यात बहीण वर्गावरून आली की पर्समधून मोबाइल काढून आधी बघायची. आईने तिच्यासाठी दोन साड्याही बाहेर काढून ठेवल्या होत्या. पुढच्या रविवारी मंडळातल्या काकूंचा फोन आला. वडिलांनी घेतला. हूं, हूं, असं कसं, बरं, असं करत ठेवला आणि म्हणाले, “पत्रिका जुळत नाही म्हणतात.”

आई म्हणाली, “पण आपण पत्रिका दिली कुठं?”

आमच्या घरात पत्रिका कधी कोणाच्या काढलेल्याच नाहीत. वडील गोंधळले. “नावरासीवरून बघितली असेल,” ते म्हणाले. “माणसं मात्र चांगली हो. नाही म्हणतानासुद्धा किती गोड म्हणाली. काकू सांगत होत्या, मुलाने हात जोडून सांगितलंय, मुलीत खोट काढायला जागा नाही, योग नाही एवढंच.” आणि ते पेपर घेऊन बाहेरच्या खोलीत बसले.

मी स्वयंपाकघरात गेलो. बहीण अंबाडीची भाजी निवडत होती. पानं एकीकडे, देठ एकीकडे. मी तिच्यासमोर बसलो. ती पानं खुडत राहिली. मग तिने हातातली जुडी खाली ठेवली.

“दादा, त्याचं भाषांतर तू ऐकलंयस,” ती म्हणाली. “आता तू कर. पत्रिका जुळत नाही. मूळ वाक्य काय असेल, वाचून दाखव.”

मूळ वाक्य मला ठाऊक होतं. ज्या माणसाने मला बेघर म्हणणाऱ्याला शाबास म्हटलं, त्याला मी जन्मभर दादा कसा म्हणू. हे भाषांतर मला न येण्यासारखं नव्हतं. मी तिच्यासमोरचे देठ गोळा करायला लागलो. तिने वाट पाहिली. मग तिचे डोळे भरले आणि ती मान खाली घालून पुन्हा पानं खुडायला लागली.

बाहेरून वडिलांनी विचारलं, “काय म्हणते रे ती?”

“काही नाही बाबा,” मी म्हणालो. “म्हणते, दुसरं स्थळ बघू.”